जुडगा

काकूंची वीस वर्षांची गाडी चालता चालता मधेच बंद पडायची, आणि गॅरेजमध्ये आणली की गुणी बाळासारखी धावायची. मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप तपासला, तीनदा स्वतः फेरी मारून आला. गाडीने हूं की चूं केलं नाही. "आता एकदा जरी बंद पडली तरी भंगारात देणार," असं मुलाने बजावलं होतं. काकूंनी तेही मान डोलावून ऐकून घेतलं होतं.

चौथ्या खेपेला मेकॅनिक म्हणाला, "काकू, आज तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

पहिल्याच खड्ड्यात गाडी गचका खाऊन बंद पडली. त्याने खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. गाडीच्या किल्लीला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा लोंबत होता.

"अहो, याच्या वजनाने आतला झिजलेला स्विच ओढला जातो! मला दरवेळी नुसती गाडीची किल्ली का देत होतात?"

"घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती कशा द्यायच्या?"

"कुठल्या घराच्या?"

"ही माहेरची. ते विकलं. ही आमच्या जुन्या घराची, तेही विकलं. या दुकानाच्या. हे गेल्यावर ते बंद केलं."

"आणि आता राहता तिथली?"

"मुलाकडे असते. तिथे बेल आहे."

त्याने गाडीची किल्ली सोडवून पुन्हा लावली आणि जुडगा काकूंच्या हातात दिला. "यातली रोज लागते तेवढी ठेवा, बाकीच्या काढून टाका."

 

"रोज लागते ती तुम्ही लावलीत की," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी सुरू केली.