वडगावची कुस्ती

“तुझा फोटो तालमीत लागणार न्हाई, गुंडू,” आप्पासो वस्ताद म्हणाले.

गुंडू पैलवान हसला. सोप्यातल्या बाकड्यावर वस्तादांच्या शेजारी बसून तो समोर बांधलेल्या म्हशीकडं बघत होता. तसाच बघत राहिला.

वस्तादांच्या कपाळाची शीर उठली. माणूस इतका निगरगट्ट असावा? शिवाजी पेठेतून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत गारगोटीला यायचं, ते काय याचं हसू बघायला? पण तालमीचा रिवाजच तसा होता. फोटो लावायचा असेल तर निरोप कुणीही द्यावा. नाकारायचा असेल तर मात्र वस्तादानं घरी जाऊन तोंडावर सांगायचं. माणसाच्या पाठीमागं निकाल द्यायचा नाही.

तालमीची नवी इमारत झाली होती आणि भिंतीवर कुणाकुणाचे फोटो लावायचे यावर मंडळी भांडत होती. गुंडूच्या नावावर तर हमरीतुमरीच झाली. अर्धे म्हणाले, पंजाबचा डोंगराएवढा गडी खासबागेच्या मैदानात त्यानं चीत केला, मानाची गदा आणली, विसरलात काय? बाकीचे म्हणाले, आणि त्याच हंगामात पेठ वडगावला मिसरूड न फुटलेल्या पोरानं त्याला आस्मान दाखवलं, ते? सगळी कारकीर्दच तशी. घटकेत तोळा, घटकेत मासा. शेवटी सगळ्यांनी वस्तादांकडं पाहिलं. “न्हाई,” एवढंच ते म्हणाले आणि विषय संपला.

कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ताकद कमी पडून गुंडू हरला असता, तर त्याचा फोटो त्यांनी स्वतःच्या हातानं टांगला असता. पोटच्या पोरासारखा वाढवला होता त्याला. कोवळ्या वयात तालमीच्या लाल मातीच्या हौद्यात उतरवला आणि आपल्याच तळहातानं रगडून त्याचे कान मोडले. मोडलेला कान म्हणजे पैलवानाचा दागिना. डावा कान तर सुजून, वाळून असा झाला, की जणू सुपारीच. आल्यागेल्या पाहुण्याला वस्ताद तो कान कौतुकानं दाखवायचे.

पुढं गुंडूची कुस्ती लागली की ते आखाड्याच्या कडेला उकिडवे बसून डाव ओरडायचे. कधी शब्द सुटायचा अवकाश, गुंडूचा डाव पडलेला असायचा. खासबागेत तसंच झालं होतं. आणि कधी हाच गडी ढिम्म. वडगावला ते पोरगं पायात शिरत होतं आणि वस्ताद बेंबीच्या देठापासून ओरडत होते, “मागं सर! पाय मागं घे!” गुंडू त्यांच्यापासून चार हातांवर होता. पण पाय जागचा हलला नाही. त्या दिवशी वस्तादांचा घसा फाटला तो कायमचाच. तेव्हापासून त्यांचा आवाज घोगरा झाला.

लोक म्हणाले, गदा डोक्यात गेली. वस्तादांनाही तेच वाटलं. गदा मिळाली, आता वस्तादाच्या शब्दाची किंमत काय! ते त्यांना फार लागलं. त्याच दिवशी त्यांनी गुंडूचं नाव टाकलं, बोलणं बंद केलं. गुंडूही नंतर आणखी एकदोनदा पडला आणि गावाकडं येऊन म्हशी राखू लागला. आज इतक्या वर्षांनी त्याच्या दारात यायचं, तेही असल्या कामाला.

“हसतोस काय?” वस्ताद घोगऱ्या आवाजात म्हणाले. “हजारो माणसांत माझा शब्द पायदळी तुडवलास. तुला भिंतीवर टांगून पोरांनी काय शिकायचं? मस्ती?”

गुंडूनं आदरानं मान डोलावली.

“व्हय, व्हय. ऊस बरा हाय औंदा.”

तेवढ्यात गुंडूची बायको शालूबाई चहा घेऊन बाहेर आली.

“वस्ताद, तुमी पलीकडच्या बाजूला बसा की,” ती म्हणाली. “डाव्या अंगाला बसून उपेग न्हाई. त्यो कान मेलाय.”

“कवापासनं?”

“डाक्टर म्हणालं, ल्हानपणीच गेलाय. कान मोडला तवाच. पर हे मानत्यात व्हय? म्हणत्यात, वस्तादांच्या हातानं मोडलेला कान हाय, त्यो बिघडंलच कसा! आता उजवाबी उतराय लागलाय.”

वस्तादांना वडगावचं मैदान दिसत होतं. पायात शिरणारं पोरगं दिसत होतं, वाकलेला गुंडू दिसत होता आणि चार हातांवर, अगदी त्यांच्या तोंडासमोर, ती वाळलेली सुपारी. खासबागेत आपण कुठल्या अंगाला बसलो होतो, ते त्यांना काही केल्या आठवेना.

ते उठले. गुडघे धरत धरत गुंडूच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. गुंडूनं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“आता कसं! काय म्हणत हुतासा वस्ताद, फोटोचं?”

वस्ताद खाली बघत धोतराचा सोगा सारखा करू लागले.

“ऱ्हाऊ द्या फोटोचं,” गुंडूच म्हणाला. आवाज खाली आला होता त्याचा. “मला एकच सांगा. लई वर्सं मनात हाय, पर इचारायला तोंड न्हवतं. वडगावला ते पोरगं पायात शिरलं, तवा मी तुमच्या आवाजाची वाट बघत हुतो. तुमी एक शबुद बोलला न्हाईसा. वस्ताद, माझं काय चुकलंतं?”