शेवट ‘शन’चा

“स्टेशन,” मास्तर म्हणाले आणि दवाखान्यातल्या पलंगावरच्या बायकोकडे बघत राहिले. अर्धांगाच्या झटक्यानंतर नऊ दिवसांत तिच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. “ओळखीचं काहीतरी बोलत राहा,” डॉक्टरांनी सांगितलं होतं.

ओळखीचा होता तो हा खेळ. चाळीस वर्षं दोघं चहाबरोबर खेळायची: शेवट ‘शन’चा, शब्द फक्त इंग्रजी. अडली की ती हमखास मराठी शब्द घुसवायची आणि इंग्रजीचे मास्तर तो बाद करायचे.

“पेन्शन. फॅशन. ऑपरेशन.” दोघांचेही डाव मास्तर एकटेच खेळत होते. शब्द संपत आले.

तेवढ्यात तिचे ओठ वाकडेतिकडे हलले. “दर…शन.”

“बाद!” मास्तर ओरडलेच. “‘दर्शन’ मराठी आहे!”

नर्स धावत आली. “काय झालं, काका?”

“काही नाही, सिस्टर,” डोळे पुसत मास्तर हसले. “हिनं पुन्हा लबाडी केली.”