गुलाबी चमचा

“वहिनी, दोन बटणं दोन हातांसाठी असतात. एक हात मोकळा राहिला की तो नको तिथं जातोच,” जुनं मशिन बसवून देताना मिस्त्रीकाका म्हणाले होते. तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची लेक होती. ती हसली होती. “मग मला तिसरा हात लावून द्या काका, दाबते दोन्ही बटणं!” मिस्त्रीकाका हसले नव्हते. त्यांनी आपले पाने गोळा केले आणि गेले.

आता लेक पावणेतीन वर्षांची होती, आणि विमा कचेरीतल्या टेबलाखाली शिरून विमावाल्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. कामगारांचा विमा आज संपत होता. कारखाना म्हणजे तरी काय, एक शटर, बुटांचे खोके कापायचं एक मशिन आणि कामाला दोन माणसं. पण म्हणून काय झालं, हातपाय त्यांनाही असतातच. असलं काहीतरी अभद्र मनात आलं की ती पटकन टेबलाच्या लाकडाला बोट लावायची.

“मशिनची सुरक्षा साधनं चालू आहेत?” विमावाल्यानं फॉर्मवरून मान न उचलता विचारलं.

“हो.”

“दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही ना?”

“नाही.”

“दोन वर्षांत एक अपघात नाही. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली की आमच्या डोक्याला ताप नाही. घ्या, इथं सही.”

चहा आला. लेक टेबलाखालून वर आली आणि तिनं साखरेच्या डब्यातला चमचा पकडला.

“माझा पण चमचा आहे,” तिनं विमावाल्याला ऐकवलं. “गुलाबी.”

“अरे वा! कुठंय तो?”

“मशिन जेवतं त्यानं.”

विमावाला खो खो हसला. आईचं पेन मात्र सहीच्या पहिल्याच अक्षरावर अडलं.

ती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच आठवलं नव्हतं. आधी मशिनवर ती स्वतःच असायची. लेक कडेवर असली की डाव्या बटणाच्या फटीत तिच्या चमच्याचा दांडा ठोकायचा, म्हणजे ते बटण दाबलेलंच राहायचं. दुसरं उजव्या हातानं दाबायचं, डावा हात लेकीला. पुढं लेक चालायला लागली, मशिनवर सुपरफास्ट आली, चमचा तिथंच राहिला. सुपरफास्ट म्हणजे कामाला ठेवलेली मुलगी. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीतच काय ते उरलं होतं. तिला तो चमचा मशिनचाच एखादा भाग वाटत असणार. मोकळ्या डाव्या हातानं ती पुठ्ठा पात्याखाली सरकवायची, उजव्यानं बटण दाबायची. आणि आपण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो, काय हात चालतो बघा पोरीचा!

आज निघतानाही आपणच म्हणालो, “तीनच्या आत उरकायचं हं, सुपरफास्ट.”

“तुम्ही या तर, वहिनी. अडीचलाच उरकून बसते की नाही बघा!”

तिनं पेन खाली ठेवलं.

“अहो, सही!”

“यातलं एक उत्तर चुकलंय. दुरुस्त करून येते.”

“अहो ताई, विमा आज संपतोय! उद्या काही झालं तर मग आमच्याकडे येऊ नका!”

उद्याचं कुणाला पडलं होतं. लेकीला काखोटीला मारून ती जिना उतरली. तिनं कारखान्यात फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. मशिन चालू असलं की तो कुणाला ऐकू जात नाही, आणि गठ्ठे बांधणारे आजोबा तर शेजारी बसून हाक मारली तरी ओ देत नाहीत. तिनं नवऱ्याला लावला.

“मी माल उतरवतोय गं, तास तरी लागेल. चमचा? इतके दिवस काही झालं का?”

“इतके दिवस आपलं नशीब होतं.”

“उगाच घाबरतेस तू.”

तिनं फोन ठेवला. हे वाक्य ती लग्न झाल्यापासून ऐकत होती, आणि ज्या एका गोष्टीला घाबरायला हवं होतं तिथंच नेमकी ती घाबरली नव्हती. बस येत नव्हती. लेकीनं विमावाल्याचा चमचा मुठीत तसाच आणला होता. कारखान्यासमोरचा चावीवाला आठवला. त्यानं लगेच उचलला.

“हां, वहिनी. आहे की मी. मघापर्यंत तुमच्या मशिनचा धडधडाट चालू होता. आता पाच मिनिटं झाली, बंद आहे.”

“बंद? जेवायला तर अजून तास आहे!”

“असेल हो काहीतरी. गिऱ्हाईक आहे समोर, एवढी चावी घासतो आणि बघून येतो.”

बस आली. ती दाराशीच उभी राहिली. प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी सावकाश उतरत होतं. ती खिडकीतून रस्त्यावरच्या एकेका माणसाकडे बघत होती, नुसती बघत नव्हती, विनवत होती.

तेव्हा तुम्ही त्या बाजूला असाल, तर तेवढं जाऊन या हो. चावीवाल्याच्या समोरचं शटर, अर्धं वर असतं. आत एक मुलगी असेल. बाकी काही विचारू नका, फक्त तिला म्हणा, हात वर कर बघू.

दोन्ही.