पाठमोरे ट्यूलिप

थंडी सुरू होताच निवृत्त नर्सबाईंनी ट्यूलिपचे कंद कुंडीत लावून अंधाऱ्या कोठीत ठेवले, कोंब आल्यावर खिडकीत आणले. आता फुलं आली, पण सगळी उजेडाकडे वळलेली. खुर्चीत बसलेल्या नर्सबाईंना नुसती पाठ. "कुंडी फिरव की," लेक फोनवर म्हणाली. "फिरवली गं. पुन्हा तिकडेच वळतात." "तुझ्यावर गेलीत मेली, सदा रस्त्याकडे डोळे!" लेक हसली, बाईही हसल्या. निवृत्तीनंतर घरी चिटपाखरू फिरकत नव्हतं, लेकीला मात्र त्या सांगत, "घरात वर्दळ असते." फुलांची तोंडं बघायला शाल गुंडाळून त्या रस्त्यावर आल्या. शेजारी एक अनोळखी तरुणी थबकली. "काय सुंदर फुलं! भरलं घर असणार तिथे." ओठांवर आलेलं नेहमीचं 'हो' बाईंनी गिळलं. "छे, एकटीच असते बिचारी," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पण दार वाजवलंत, तर धावत येईल."