साहेबांचा शब्द

अठ्ठावन्न साल. बेंगळुरूच्या एका दवाखान्यात ॲम्ब्युलन्सवरचा अटेंडंट रामोजी बेशुद्ध बाईच्या अंगाशी चाळे करताना नर्स मंदाकिनीने डोळ्यांनी पाहिला.

"स्वल्प समजून घ्या अक्का, बायकामुलं आहेत त्याला," असं सगळ्यांनी विनवूनही तिने तक्रार मागे घेतली नाही. चौकशीत गुन्हा शाबीत झाला.

"या दवाखान्यात तो पुन्हा दिसणार नाही," दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी तिला शब्द दिला. त्या दिवशी तिच्या घशाखाली नीट घास उतरला.

पुढच्याच आठवड्यात लेकीच्या शाळेत देवीची लस टोचायची होती. घाबरलेल्या लेकीचा हात धरून मंदाकिनी मुलींच्या रांगेतून टेबलापर्यंत पोचली.



समोर रामोजी उभा होता. तो हसला. "या अक्का. साहेबांनी मला आता मुलींच्या शाळा दिल्यात."