मीटरचा रविवार

टोंगातल्या त्या गावात रविवारी कुणी कोयता उचलत नाही की दोरीवर कपडा वाळत घालत नाही. त्यामुळे घराघरांवर स्मार्ट मीटर बसले आणि पहिल्याच रविवारी त्यांचे दिवे लुकलुकताना दिसले, तेव्हा पाद्री सातेकींचा पारा चढला.

"पाद्रीबाबा, यंत्राला कसला आलाय रविवार?" वीज कंपनीचा कालाफी हसला.

"या बेटावर राहायचं, तर त्यानंही देवाच्या दिवशी मोजणं थांबवायचं!" सातेकी गरजले. एरवी प्रवचनात पेंगणारं गाव या वेळी एकमुखानं "आमेन" म्हणालं. शेवटी कंपनीनं हात टेकले. रविवारी मीटर बंद, वीज मात्र चालू.

पुढच्या रविवारी घंटा बडवून बडवून सातेकींचे हात दुखले, तरी चर्चकडे चिटपाखरू फिरकलं नाही. तणतणत ते घरी निघाले, तर वाटेत घरोघरी इस्त्र्या तापलेल्या. घरी बायको लेसिएली वॉशिंग मशीनमध्ये चादरी कोंबत होती.

"अहो, बघत काय उभे राहिलात? मीटर जागा व्हायच्या आत पडदे काढून द्या!"



त्या दिवशी अख्ख्या गावात रविवार पाळला, तो फक्त मीटरांनी.