पहिल्या वर्षापुरती भाषा

वादळ आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावावरून गेलं, ते सगळे टॉवर आडवे करूनच. फोन मुके झाले, इंटरनेट गेलं. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राचा रेडिओ तेवढा चालू होता. भर दुपारी त्यातून कुठल्याशा बोटीवरचं कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं, आणि तेही इंडोनेशियन भाषेत. रेडिओपाशी बसलेला डेस धावत घरी गेला आणि मुलीला, टेगनला, हाताला धरून घेऊन आला. ती विद्यापीठात वर्षभर ती भाषा शिकली होती. पुढे त्यानेच सोडायला लावली होती. “फोन बोलतो की आता सगळ्या भाषा! त्यात कशाला वर्षं घालवतेस?”

टेगनने माइक धरला आणि आधी ओरडणाऱ्याचं नाव विचारलं. यर्मियास. मुलं किती? दोन मुली.

“अगं, सोयरीक जुळवतेस का? तो कुठे आहे ते विचार!”

तिने विचारलं. यर्मियासच्या आवाजात एकदम जीव आला. तो भराभर, अगदी बारकाईने सांगत राहिला. मग पाण्याचा मोठा आवाज झाला आणि मागे नुसती खरखर उरली.

डेस नकाशावर पेन्सिल टेकवून उभा होता. “बोल ना पोरी! कुठे आहे म्हणाला?”

“विचारायचं कसं ते पहिल्या वर्षाला शिकवलं, बाबा,” टेगन म्हणाली. “उत्तर समजायचं दुसऱ्या वर्षाला होतं.”